हरळी, हिरवळ आणि गिऱ्हाईक

भातशेती करणाऱ्या माणसाला हरळी म्हणजे शेतात शिरलेला चोर वाटतो. बांधावर ती कितीही शोभली तरी वाफ्यात उतरली की पिकाचा घास खाते. कुदळीने खणावी, मुळ्या वेचाव्यात, बांधावर टाकून उन्हात सुकवाव्यात. तरी मातीत एखादे पेर राहिले की पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा उभी राहते. भाद्रपदात तीच हरळी दूर्वा होऊन गणपतीच्या मस्तकावर चढते. आणि तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे गृहनिर्माण संस्थेच्या आवारात, ती 'बर्म्युडा' या परदेशी नावाने चौरस फुटाच्या भावाने विकत मिळते. गवत एकच. शेतकऱ्याने ते उपटायचे, भाविकाने जुडी करून वाहायचे आणि सोसायटीने पैसे मोजून लावायचे.

नवी मुंबईतल्या घणसोली गावाच्या परिसरात या तिन्ही अवस्था एका पिढीच्या आयुष्यात बघायला मिळाल्या. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर, मध्ये खाजण, मिठागरे आणि पावसाळी भाताची शेते अशी ही आगरी-कोळ्यांची वस्ती. आज गावठाणाभोवती सेक्टरांचे आकडे आहेत, आकड्यांत इमारती आहेत आणि इमारतींच्या पायाशी हिरवळीचे तुकडे आहेत. हे तुकडे कोणीतरी कापतो, त्यांना पाणी देतो, त्यातला मोथा वेचून काढतो. या लेखात आम्हाला एवढाच प्रश्न विचारायचा आहे की, या माणसाला त्याचे गिऱ्हाईक सापडते कसे? आणि ते सापडण्याचा खर्च आजवर कोणी सोसला?

प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु कारागिराच्या इतिहासात 'काम कसे करावे' याइतकेच 'काम कोठून मिळवावे' हेही महत्त्वाचे प्रकरण आहे. पहिल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. दुसऱ्याविषयी फारसे नाही. कारण ते प्रकरण कारागिराच्या हाताशी नव्हे, तर त्याच्या ओळखीपाळखीशी निगडित असते, आणि ओळखीचे दप्तर कोणी ठेवत नाही.

आधी ही हिरवळ येथे आली कशी ते पाहू. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी योजण्यात आली. घणसोली त्या गावांपैकी एक. त्याआधीच ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत उभी राहू लागली होती. आता उरलेली शेतेही गेली. भूसंपादनाच्या मोबदल्यावरून जो असंतोष साचला, त्याचा स्फोट दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. २००४ च्या नोव्हेंबरात ठाण्याहून तुर्भे-वाशीकडे जाणारी रेल्वे सुरू झाली आणि घणसोली हे नाव स्थानकाच्या पाटीवर चढले. गाव तेच राहिले. त्याचा शिवार मात्र पिनकोड झाला.

नव्या इमारतीला मोकळी जागा सोडावी लागते. बांधकामाच्या भाषेत तिला 'आर.जी.' म्हणतात. त्या जागेचे काय करायचे, याला आपल्याकडे बहुधा एकच उत्तर असते: हिरवळ. हेही उत्तर आपले नव्हे. इंग्लंडात श्रीमंतांच्या वाड्यांपुढचे गवत आधी मेंढ्या आणि कोयतेवाले राखत. १८३० साली ग्लॉस्टरशायरमधल्या एडविन बडिंग याने कापडगिरणीत लोकरीच्या कापडाची लव कातरणारे यंत्र पाहून गवत कापण्याचे यंत्र बनविले आणि मध्यमवर्गालाही हिरवळ परवडू लागली. साहेबाबरोबर ती मुंबईस आली. बंगल्यांत, जिमखान्यांत आणि १८६२ साली खुल्या झालेल्या भायखळ्याच्या राणीच्या बागेत रुजली. तेथून स्वतंत्र भारतातल्या सोसायटीच्या आवारात उतरायला तिला शंभरेक वर्षे लागली. आता मेक्सिकन, कोरियन अशा नावांनी तिचे गालिचे रोपवाटिकेतून टेम्पोने येतात. लाल माती आणि शेणखत पसरून त्यावर हे तुकडे मांडायचे, रोळ फिरवायचा आणि पुढे तिला जपत बसायचे. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी कापणी, उन्हाळ्यात रोज पाणी, बारमाही तणवेचणी. म्हणजे हिरवळ ही एकदा विकून संपणारी वस्तू नाही. ते दरमहाचे काम आहे, आणि दरमहाचे गिऱ्हाईक हाच माळ्याचा खरा वतनी तुकडा.

'वतनी' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. कारण गिऱ्हाईक मिळविण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी व्यवस्था वतनाचीच होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात तिचे तपशीलवार वर्णन आहे. सुतार, लोहार, न्हावी, परीट यांना गिऱ्हाईक शोधावे लागत नसे. गावची घरे त्यांच्या वाट्याला जन्मतःच येत. कामाचा मोबदला सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. ग्रँट डफने दिलेल्या अलुतेदारांच्या यादीत माळ्याचेही नाव येते. ठाणे-कुलाब्याच्या किनाऱ्यावर देशावरची बलुतेदारी तिच्या साऱ्या घरांनिशी नांदत नव्हती हे खरे; तरी घराणे ठरलेले आणि काम ठरलेले, ही रीत तेथेही अपरिचित नव्हती.

या व्यवस्थेत गिऱ्हाईक शोधण्याचा खर्च शून्य होता, असे हिशेबनीस म्हणेल. तो हिशेब अपुरा आहे. खर्च होता, तो पैशांत नव्हता एवढेच. ज्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही त्याला ते सोडताही येत नाही. जन्माने मिळालेले काम जन्मभर करावे लागे, आणि सर्वांत खालच्या पायरीवरच्यांना ते कोणत्या अपमानासह करावे लागे, हे दया पवार यांच्या १९७८ सालच्या आत्मकथनाने सांगितले. त्यांनी त्या पुस्तकाला 'बलुतं' हेच नाव दिले होते. तेव्हा 'पूर्वी सगळे ओळखीने व्हायचे, किती बरे होते' असा उसासा टाकण्याचा अधिकार निदान मराठीच्या अभ्यासकाला नाही.

साहेबाच्या बंगल्यावर काम करणाऱ्या माळ्याची तऱ्हा वेगळी. तो पगारी नोकर होता, पण साहेबाची बदली झाली की नोकरी संपे. जाताना साहेब त्याला एक चिठ्ठी लिहून देई: माणूस प्रामाणिक आहे, झाडांची जाण आहे, दारू पीत नाही. आपला 'चिठ्ठी' हा शब्द इंग्रजीत 'चिट' होऊन गेला तो याच व्यवहारातून. असल्या चिठ्ठ्यांची पुडकी जपून ठेवून नव्या साहेबाच्या व्हरांड्यात उभे राहायचे, ही गिऱ्हाईक मिळविण्याची दुसरी रीत. आज मोबाइलच्या पडद्यावर नावापुढे जे पाच तारे दिसतात, ते त्या चिठ्ठीचेच वंशज आहेत. फरक एवढाच की, चिठ्ठी माळ्याच्या पेटीत असे. ती त्याची मालमत्ता होती. साहेब बदलला, गाव बदलले तरी बरोबर जाई. तारे मात्र दुसऱ्याच्या दप्तरी असतात. ते दप्तर सोडले की दहा वर्षांच्या कामाची कीर्तीही तेथेच राहते.

तिसरी रीत नाक्याची. नवी मुंबई बांधायला मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकातून माणसे आली आणि सकाळी नाक्यांवर उभी राहू लागली. नाक्यावर उभे राहायला पैसे पडत नाहीत. पडतो तो दिवस. काम मिळाले नाही तर तेवढी मजुरी बुडाली. त्यातले काही जण बिगारीतून रोपवाटिकेत शिरले, तेथून झाडांची नावे शिकले आणि 'माळीकाका' झाले. त्यांना सोसायटीचे दार उघडून दिले ते मुख्यतः वॉचमनने. नव्या इमारतीत कोण राहायला आले, कोणाच्या गच्चीत कुंड्या आहेत, सेक्रेटरी कोणत्या वेळी भेटतो, हे सारे त्याला ठाऊक. पहिल्या महिन्याच्या पैशातून त्याला काहीतरी द्यायचे, हा अलिखित नियम. जुन्या भाषेत यालाच दस्तुरी म्हणत. दस्तुरी न्याय्य होती असे आमचे म्हणणे नाही. पण तिच्यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी होती: ती काम मिळाल्यावर द्यावी लागे. काम नाही तर दस्तुरी नाही. मध्यस्थाचे हित आणि माळ्याचे हित निदान तेवढ्यापुरते एका दोरीने बांधलेले होते.

चौथी रीत छापील. मुंबईच्या टेलिफोन डिरेक्टरीत १९८७ पर्यंत नुसती वर्णानुक्रमे नावे असत; त्यानंतर महानगर टेलिफोन निगमने छपाईचे काम कंत्राटदारांना दिले आणि खर्च भरून काढण्यासाठी जाहिरातींची पिवळी पाने आली. टाटा प्रेसनेही आपली स्वतंत्र पिवळी पाने काढली. तेव्हा 'अशी यादी छापण्याचा हक्क फक्त आमचा' म्हणून निगम न्यायालयात गेले. ३ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो टाटा प्रेसच्या बाजूने. व्यापारी जाहिरात हेही घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने संरक्षिलेले अभिव्यक्तीचे रूप आहे, आणि ती माहिती मिळविण्याचा ग्राहकालाही हक्क आहे, असे या निकालाने मान्य केले. मुंबईच्या फोनबुकातल्या पिवळ्या पानांवरून देशाच्या घटनाशास्त्रात एक महत्त्वाचे सूत्र आले, ही गोष्ट साहित्याच्या वाचकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, व्ही. एस. एस. मणी यांनी मुंबईत जस्ट डायल सुरू केले. आठ हा आकडा ओळीने दाबायचा, पलीकडच्या माणसाला 'कोपरखैरणेत माळी हवा' म्हणून सांगायचे, आणि तो दोन-चार नंबर वाचून दाखवायचा. पुस्तकाची जागा आवाजाने घेतली. पुढे २००७ मध्ये आवाजाची जागा संकेतस्थळाने घेतली. सुलेखासारखी सेवा १९९८ मध्ये परदेशस्थ भारतीयांच्या गप्पागोष्टींचा कट्टा म्हणून निघाली होती. तीही कालांतराने घरगुती कामांसाठी माणसे जोडून देण्याच्या धंद्यात आली. २०१४ मध्ये निघालेल्या आणि २०२० मध्ये अर्बन कंपनी हे नाव घेतलेल्या अर्बनक्लॅपनेही आरंभी कारागिरांना गिऱ्हाइकांचे पत्तेच विकले. नंतर तिने दर ठरवून कामावर हिस्सा घेण्याची पद्धत स्वीकारली.

येथे 'लीड' या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. पिवळ्या पानांत कारागीर जागा विकत घेई: वर्षाला एवढे पैसे, एवढी चौकट. मग फोन येवोत वा न येवोत. लीड ही त्याहून बारीक वस्तू आहे. कोणीतरी पडद्यावर चौकशी भरली: पिनकोड, जागेचे क्षेत्रफळ, 'लॉन मेंटेनन्स' या रकान्यात खूण, आणि फोन नंबर. ही चौकशी म्हणजे लीड. ती एकाला नव्हे, चौघा-पाचांना पाठविली जाते आणि प्रत्येकाच्या आगाऊ भरलेल्या रकमेतून तिचे मोल कापून घेतले जाते. विकत घेणाऱ्याला काम मिळत नाही. काम मागण्याची संधी मिळते. गिऱ्हाईक हा शब्द 'ग्राहक' या संस्कृत शब्दावरून आला, म्हणजे घेणारा. लीडच्या व्यवहारात घेणारा माळीच आहे. आणि ज्याला तो गिऱ्हाईक म्हणतो तो विकला जाणारा माल आहे. शब्दाची अशी उलटापालट आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

घणसोली गावठाणातला एक तरुण आमच्या परिचयाचा आहे. घरची जमीन आजोबांच्या काळात गेली. त्याच्याजवळ गवत कापण्याची दोन यंत्रे, एक जुना टेम्पो आणि हाताखाली तीन माणसे आहेत. ओळखीतून मिळालेल्या काही सोसायट्या तो राखतो. आणखी मिळाव्यात म्हणून त्याने अशाच एका सेवेत पैसे भरले. एका सुटीच्या दिवशी त्याने आम्हाला आपली वही दाखविली. विकत घेतलेल्या प्रत्येक पत्त्यापुढे त्याने खूण केली होती. काम मिळाले तेथे बरोबरची खूण, नाही तेथे फुली. पानेच्या पाने फुल्यांची होती. कोणी फोन उचललाच नाही, कोणी 'नुसता रेट बघत होतो' म्हणाले, कोणाला हिरवळ नव्हे तर कुंडीतली तुळस जगवायची होती, आणि एका ठिकाणी तो पोहोचला तेव्हा त्याच्या आधीचे दोघे माप घेऊन गेलेले होते.

"सर, फोन पहिल्या पाच मिनिटांत गेला पाहिजे," तो म्हणाला. "मी मशिनवर असतो, आवाजात ऐकू येत नाही. ज्यांच्या ऑफिसात फोनवर बसायला मुलगी आहे ते आधी बोलतात. तिला कात्री धरता येत नसेल, पण काम तिला मिळतं."

मग वही मिटता मिटता त्याने एक वाक्य उच्चारले, ते आमच्या मनातून जात नाही. "पत्ता विकत घ्यायला लागतो याचं काही नाही हो, धंदा आहे. पण यातले अर्धे पत्ते आमच्याच शेतांतले आहेत. बाप नुसतं बोट दाखवून सांगेल, इथे कुणाची खाचरं होती."

या वाक्यात भावनेपेक्षा अर्थशास्त्र अधिक आहे. त्या मातीत पाणी कोठे तुंबते, भरतीच्या दिवसांत खारटपणा कोठवर येतो, भराव किती आणि मूळची माती किती, याचे पिढीजात ज्ञान या मुलाच्या घरात आहे. हिरवळ राखायला नेमके तेच लागते. पण लीडच्या रकान्यात त्याला जागा नाही. तेथे अंतर, दर आणि तारे एवढेच विचारले जाते. ज्ञान मोजता येत नाही म्हणून ते नाहीच असे धरले जाते, आणि पाच मिनिटांत फोन करणे मोजता येते म्हणून तेच कौशल्य ठरते.

या कथेला एक स्थानिक वळणही आहे. घणसोलीच्या पूर्वेला, ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे, रिलायन्स समूहाचे विस्तीर्ण संकुल आहे. २०२१ मध्ये याच समूहातल्या रिलायन्स रिटेल व्हेंचर्सने जस्ट डायलमधला नियंत्रक हिस्सा घेतला. म्हणजे ज्या गावाच्या शेतांवर शहर उभे राहिले, त्या गावाच्या सीमेवरच देशातल्या एका मोठ्या पत्तेवहीच्या मालकाचे ठाणे आहे. यात कोणाचा दोष नाही, योगायोग आहे. पण इतिहासात योगायोगही नोंदवायचे असतात. गावाची जमीन एकदा सात-बाऱ्यावरून गेली. गावातल्या माणसांची परस्पर ओळख आता दुसऱ्याच एका उताऱ्यावर चढते आहे.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. हिरवळीचे वेड जेथे सर्वाधिक, त्या अमेरिकेत त्याचा पूर्वेतिहास वाचायला मिळतो. १९९५ मध्ये ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात 'अँजीज लिस्ट' निघाली. तिचे वैशिष्ट्य असे की, कारागिरांविषयीचे अभिप्राय वाचण्यासाठी घरमालक वर्गणी भरत. शोधण्याचा खर्च शोधणाऱ्यावर. १९९८ मध्ये 'सर्व्हिसमॅजिक' नावाची दुसरी सेवा निघाली; तिने उलट वाट धरली. घरमालकाला फुकट, कारागिराला प्रत्येक लीडमागे पैसे. ती पुढे 'होमॲडव्हायझर' झाली. २०१६ मध्ये अँजीज लिस्टने अभिप्रायांवरची वर्गणी उठविली आणि २०१७ मध्ये दोन्ही एकाच छत्राखाली आल्या. फुकट विरुद्ध वर्गणी या स्पर्धेत फुकट जिंकले. अर्थात फुकट असे काही नसतेच. बिल दुसऱ्याच्या नावावर फाडले गेले. मार्च २०२२ मध्ये तेथल्या फेडरल ट्रेड कमिशनने होमॲडव्हायझरविरुद्ध तक्रार दाखल केली. लीडची गुणवत्ता आणि त्यातून काम मिळण्याची शक्यता याविषयी छोट्या कारागिरांची दिशाभूल केली गेली, असा आरोप होता. २०२३ मध्ये कंपनीने ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे मान्य करून प्रकरण मिटविले. आमच्या तरुण मित्राच्या वहीतल्या फुल्या म्हणजे त्याचे दुर्दैव नव्हे, हे या एका प्रकरणावरून पुरेसे स्पष्ट व्हावे. फुल्या हा त्या रचनेचा भाग आहे. चौघांना एक पत्ता विकला तर तिघांच्या वहीत फुली पडणारच.

मग यावर उपाय काय? परदेशाकडे पाहण्याआधी घणसोलीतच थोडे चालावे. येथे माथाडी कामगारांची मोठी वसाहत आहे. मुंबईचे घाऊक बाजार १९८० नंतर टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला हलले आणि पाठीवर गोणी वाहणारी माणसे त्यांच्यामागोमाग या बाजूला राहायला आली. या माथाड्यांचा प्रश्नही मुळात गिऱ्हाइकाचाच होता. काम रोजचे, मालक रोज वेगळा, मध्ये मुकादम. मालक कोण हे सांगता येत नाही म्हणून कोणताच कायदा लागू नाही. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली आणि त्या चळवळीतून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. त्याची युक्ती साधी पण मूलगामी होती. मालक आणि कामगार या दोघांचीही मंडळात नोंद. मजुरी मंडळाकडे भरायची, आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मालकाने वेगळी द्यायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना, रजेचे पैसे. म्हणजे काम आणि माणूस यांची गाठ घालून देण्याचा खर्च ज्याला काम करून हवे आहे त्याने सोसायचा, हे तत्त्व महाराष्ट्राने अर्ध्या शतकापूर्वी कायद्यात लिहिले होते.

दुसरे उदाहरण त्याच बाजारातले. शेतमाल विकला की अडत्या आपली अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापून घेई, ही शेकडो वर्षांची वहिवाट. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, बरीच खळखळ झाली. तो निर्णय कितपत फळला याविषयी दुमत असेल. परंतु मध्यस्थाचे पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न निसर्गनियमाचा नसून ठरवून घेण्याचा आहे, एवढे त्या वादाने सर्वांच्या ध्यानात आणून दिले.

या दोन उदाहरणांच्या उजेडात पाहिले म्हणजे लीडच्या व्यवहाराचे वेगळेपण दिसते. बलुत्यात कारागीर स्वातंत्र्य देऊन गिऱ्हाईक मिळवी. नाक्यावर तो दिवस देई. वॉचमनला दस्तुरी देई, पण काम मिळाल्यावर. पिवळ्या पानांत जागेचे भाडे देई. लीडमध्ये तो आशेचे पैसे देतो, तेही आगाऊ, आणि तीच आशा त्याच वेळी आणखी चौघांना विकलेली असते. इतिहासात मध्यस्थ नेहमीच होता. पण काम झाले काय, न झाले काय, कशाचेच सोयरसुतक नसलेला मध्यस्थ या धंद्यात प्रथमच अवतरला आहे.

तरीही आम्ही या सेवांच्या विरुद्ध शपथ घ्यायला तयार नाही, आणि याविषयी आमच्यातही पुरते एकमत नाही. कारण ओळखीची व्यवस्था ज्यांना ओळख आहे त्यांनाच बरी वाटते. घणसोलीचा भूमिपुत्र निदान गावच्या नगरसेवकाला, सोसायटीच्या वॉचमनला, रोपवाटिकेच्या मालकाला नावाने हाक मारू शकतो. काल नांदेडहून वा कलबुर्गीहून आलेल्या मुलाने कोणाला हाक मारायची? त्याच्यासाठी पडद्यावरची यादी हेच पहिले उघडे दार असते. तेथे निदान दारातच 'कोणाचा कोण' असे विचारले जात नाही. एकट्या राहणाऱ्या बाईलाही घरात येणाऱ्या अनोळखी माणसाचे नाव-गाव कोठेतरी नोंदलेले असल्याचा धीर वाटतो. जन्माच्या ओळखीतून सुटका हा या यंत्राचा खरा गुण आहे, आणि तो लहान नाही. आमची तक्रार एवढीच की, जन्माच्या ओळखीतून सुटलेल्या माणसाला कमावलेली ओळखही बरोबर नेता येऊ नये, आणि तिचा आरंभ करण्याचा सारा जुगार त्यानेच आपल्या पैशाने खेळावा, हे त्या सुटकेचे अटळ मोल नव्हे.

आणि हे मोल कमी करणे सर्वस्वी सरकारच्याच हाती आहे असेही नाही. हिरवळ ज्यांच्या आवारात आहे ते आपणच. चौघांना माप घ्यायला बोलावून तिघांना परत पाठवताना त्यांच्या येण्या-जाण्याचा आणि विकत घेतलेल्या पत्त्याचा खर्च झालेला आहे, हे सोसायटीच्या सभेत कोणी बोलत नाही, बोलले पाहिजे. 'नुसता रेट बघू' म्हणून रात्री सहज दाबलेल्या बटणाचे बिल कोणाच्या तरी वहीत लागलेले असते. वर्षभर चांगले काम करणाऱ्याला एक साधी चिठ्ठी, संस्थेच्या शिक्क्यानिशी, त्याच्या हातात द्यावी. तारे ज्याचे त्याला ठेवू द्यावेत. चिठ्ठी माळ्याच्या पेटीत असू द्यावी.

गेल्या पावसाळ्यात आमचा तो मित्र एका सोसायटीत तण काढत होता. मेक्सिकन हिरवळीत एका कोपऱ्याने हरळी घुसली होती आणि तिने मोठा पट्टा व्यापला होता. सेक्रेटरींनी ती समूळ काढायला सांगितली. त्याने खुरप्याने थोडी माती उकरून पाहिली, पेरे मोजली आणि हसून सांगितले की, ही वरून आलेली नाही, खालून आलेली आहे. भराव टाकण्याआधी इथे बांध असणार. सेक्रेटरींना ते पटले की नाही कोण जाणे. त्यांनी दुसऱ्या दिवशी 'तण निर्मूलन' या रकान्यात एक नवी चौकशी भरली, आणि ती चौकशी इतर चौघांबरोबर त्यालाही विकली गेली.

त्याने ती विकत घेतली.